पाठीमागचा दिवा आणि आप्तवाक्य

ब्राह्मणपारा या वस्तीच्या अरुंद गल्लीतून आझाद चौकाकडे गाडी काढीत असता, मागून आलेला एक सायकलरिक्षावाला खिडकीशी थांबला आणि "बाबूजी, बिरेक मारथव त पाछू के बत्ती नइ जरय," म्हणजे ब्रेक मारता तेव्हा मागचा दिवा लागत नाही, एवढे सांगून निघून गेला. आणि कृतज्ञतेच्या आधी माझ्या मनात किंचित रोष उठला, हे येथे कबूल केले पाहिजे. गाडी माझी, आणि तिच्या दोषाचा दाखला परक्याने द्यावा! परंतु हा दिवा चालकाला उजेड देण्यासाठी मुळी नसतोच. चालकाचा पाय पडताच मागून येणाऱ्याला सावध करणे एवढेच त्याचे प्रयोजन. तेव्हा तो विझला आहे हे आसनावर बसून मला प्रत्यक्षाने कळणार तरी कसे?

न्यायसूत्रकार गौतमांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीला शब्द हे चौथे प्रमाण बसविले, आणि आप्ताचा उपदेश तो शब्द, असे त्याचे लक्षण केले. आप्त कोण? ज्याने वस्तू साक्षात् जाणली आहे आणि जशी पाहिली तशीच कळविण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो, असे सांगून भाष्यकार वात्स्यायन पुढे म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस समान आहे. आपल्या शास्त्रग्रंथांतील अत्यंत उदार विधानांत मी याची गणना करतो. ज्या वस्तीच्या नावातच ब्राह्मण आहे तेथे तर त्याचे स्मरण अगत्याने ठेवले पाहिजे. कारण आप्तत्व कुळात नाही, पांडित्यात नाही, पाहण्यात आणि निर्व्याजपणे सांगण्यात आहे, आणि त्या सकाळी या दोन्ही गोष्टी त्या श्रमिकापाशी होत्या. वैशेषिकांनी शब्दाला अनुमानाच्या खात्यात जमा केले, ते मला पटत नाही. त्या रिक्षावाल्याच्या सचोटीचा तपास करून मग मी विश्वास ठेवला असे घडले नाही. मन रुष्ट असतानाच बुद्धीला ते वाक्य खरे वाटून गेले होते.

दोष शब्दाने कळला. कारण मात्र अनुमानानेच शोधावे लागले. रात्रीचे मागचे तांबडे दिवे लागत होते आणि ब्रेकचे दोन्ही लागत नव्हते. दोन बल्बांच्या तारा एकाच वेळी तुटणे दुर्घट, म्हणून कारण दोहोंना सामाईक असले पाहिजे. फ्यूज शाबूत निघाला. मग ब्रेकच्या पायपट्टीवरच्या स्विचची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडताच दिवे लागले, तार काढताच विझले. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले, आणि स्विचच सदोष ठरला. नवा बसविल्यावरही डावा दिवा मंदच राहिला, तेव्हा होल्डर उघडला. पावसाच्या ओलीने त्याच्या अर्थिंगच्या पट्टीवर गंज चढला होता. तो पॉलिशपेपरने घासून काढला.

संध्याकाळी गाडी मागे घेत कुंपणाच्या भिंतीशी नेली, ब्रेक दाबला, आणि भिंतीवर पडलेला तांबडा उजेड आरशात पाहिला. भर दुपारी मात्र ही सोय नाही. तेव्हा दुसऱ्याचे डोळेच लागतात. म्हणून वाचकांस विनंती आहे: पुढच्या गाडीचा दिवा लागत नसेल तर चौकात थांबून त्या माणसाला तेवढे सांगावे, आणि आपल्याला कोणी सांगितले तर सांगणारा कोण हे न पाहता त्याच दिवशी दिवा तपासावा.