आज्ञेची उतरंड

जुन्या घरांत कोठीच्या खोलींत, एका कोपऱ्याला, मडक्यांची उतरंड असे. तळाशीं सर्वांत मोठें मडकें, त्यावर त्याहून लहान, अशी ती चढत जाई आणि अगदीं वर एखादें बोळकें असे. कायद्यांच्या श्रेष्ठकनिष्ठतेचा विचार करतांना आपण नेहमीं शिडीची उपमा घेतों व राज्यघटनेस वरच्या पायरीवर बसवितों. मला ही उतरंडच अधिक यथार्थ वाटते. घटना तळाशीं, तिच्यावर विधिमंडळांचे अधिनियम, त्यांवर अधिनियमांनीं दिलेल्या अधिकारांतून केलेले नियम, मग अधिसूचना, शासननिर्णय, परिपत्रकें, आणि सर्वांच्या माथ्यावर, कोठेंही लिहिलेली नसलेली, साहेबांची तोंडी सूचना. भार वाहतें तें तळचें मडकें. पण बाहेरून आलेल्या माणसाचा हात प्रथम लागतो तो बोळक्याला.

कचेरीच्या खिडकीपाशीं उभ्या असलेल्या गृहस्थास कारकून घटनेचें चौदावें कलम दाखवीत नाहीं. तो परिपत्रकाचा क्रमांक सांगतो. तत्त्वतः याची व्यवस्था लावलेली आहे. मूलभूत अधिकारांशीं विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता शून्यवत् होय, असें घटनेचें तेरावें कलम सांगतें, व ‘कायदा’ या शब्दांत आदेश, नियम, अधिसूचना, इतकेंच नव्हे तर कायद्याचें बळ असलेली रूढीसुद्धां तें समाविष्ट करतें. संतराम शर्मा यांच्या खटल्यांत १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: नियम जेथें मौन धरतात तेथें सरकारनें सूचना काढून उणीव भरून काढावी, परंतु नियमाला बाजूस सारण्याचें सामर्थ्य अशा सूचनांत नाहीं. वकिलांचें समाधान येवढ्यानें व्हावें. माझा प्रश्न वकिलांचा नाहीं. न्यायालय दूर आहे, खर्चाचें आहे, आणि खिडकी आजच बंद व्हावयाची आहे. अशा वेळीं खिडकीच्या आंत बसलेल्या मनुष्यावर तळचें मडकें पाहण्याचें कांहीं कर्तव्य आहे कीं नाहीं?

प्रत्येक कारकून घटनेचा भाष्यकार झाला तर राज्य एक दिवसही चालावयाचें नाहीं, हें उत्तर तत्काळ येतें आणि तें खोटें नाहीं. परंतु याच पेंचांतून आपल्या पूर्वजांनीं एक वाट काढली होती. श्रुति आणि स्मृति यांत विरोध आल्यास काय करावें, याचा ऊहापोह पूर्वमीमांसेंत आहे. जैमिनीचें म्हणणें थोडक्यांत असें: विरोध नसेल तेथें स्मृतीच्या मागें एखादें श्रुतिवचन असलेंच पाहिजे असें अनुमान करून ती मानावी, उघड विरोध असेल तेथें तिची अपेक्षाच करूं नये. शबरस्वामींनीं यावर दिलेलें उदाहरण मोठें मार्मिक आहे. सोमयागांत औदुंबरी नांवाचा एक खांब असतो. उद्गात्यानें त्याला स्पर्श करून गायन करावें, ही श्रुतीची आज्ञा. हा खांब संपूर्ण वस्त्रानें गुंडाळावा, अशी स्मृति. सगळाच गुंडाळल्यावर स्पर्श कोठें करावयाचा? शबर येथेंच थांबत नाहीं. ही स्मृति निघाली कशी, याचा तो तपास करतो आणि सांगतो कीं, तें वस्त्र आपल्या पदरांत पडावें अशा लोभानें कोणीं तरी खांब सर्व गुंडाळला असावा!

कुमारिलभट्टांस हें उदाहरण सर्वस्वीं मान्य झालें नाहीं, आणि स्मृतिकारांची अब्रू राखण्याची त्यांची तळमळ समजण्यासारखी आहे. पण शबराच्या दोन कसोट्या मला आजच्या कचेरींतही उपयोगी वाटतात. परिपत्रक प्रथमदर्शनीं प्रामाणिक मानावें. हाताखालच्या माणसानें येवढा विश्वास ठेवलाच पाहिजे. मात्र मूळ आज्ञा ज्या गोष्टीस स्पर्श करावयास सांगते तीच परिपत्रकानें झांकून टाकिली असेल, तर मग तें वस्त्र कोणाच्या घरीं जाणार आहे, हेंही पाहावें. पुष्कळदां तेथें लोभ नसतो; केवळ काम हलकें करण्याची सोय असते. पण सोयीनें गुंडाळलेला खांबही गुंडाळलेलाच.

उलट टोकास कौटिल्य आहे. धर्म, व्यवहार, चरित्र आणि राजशासन असे विवादनिर्णयाचे चार पाय सांगून यांतील पुढचा मागच्याचा बाध करतो, असें तो म्हणतो. म्हणजे शेवटचा शब्द राजाज्ञेचा! पंडितांनीं या वचनाचे निरनिराळे अर्थ लाविले आहेत, त्यांत मी शिरत नाहीं. परंतु शास्त्र काय म्हणतें यापेक्षां दरबारांत काय चालतें हें त्यानें नीट पाहिलें होतें, असें मला वाटतें.

शिवाय तळचें मडकें तरी कशावर उभें आहे? तें डगमगूं नये म्हणून बायका खालीं चुंबळ ठेवीत. व्हिएन्नाचे पंडित हान्स केल्सेन यांनीं कायद्यांची अशीच रचना मांडली आणि शेवटीं त्यांनाही एक गृहीत आज्ञा मानावी लागली, जी कोणीं केलेली नाहीं पण जिच्यावांचून बाकीचें उभें राहत नाहीं. आपल्या देशांत हा प्रश्न केरळांतील एडनीर मठाच्या स्वामी केशवानंद भारती यांच्या खटल्यांत आला. नानी पालखीवाला यांनीं त्यांची बाजू मांडली, आणि २४ एप्रिल १९७३ रोजीं तेरा न्यायाधीशांनीं सात विरुद्ध सहा अशा मतांनीं निर्णय दिला कीं, संसदेनें घटना दुरुस्त करावी, पण तिची मूलभूत चौकट मोडूं नये. ‘मूलभूत चौकट’ हे शब्द घटनेंत शोधून सांपडत नाहींत. ज्यांना यांत न्यायाधीशांची अरेरावी दिसते त्यांच्या आक्षेपांत तथ्य आहे. तरी चुंबळ मडक्यावर कोरलेली नसते, येवढेंच मी म्हणेन.

आणि चुंबळ असूनही उतरंड कोसळूं शकते. जून १९७५ मध्यें राष्ट्रपतींच्या एका आदेशानें चौदा, एकवीस व बावीस या कलमांसाठीं न्यायालयांत जाण्याचा हक्क स्थगित झाला. आदेश घटनेनेंच दिलेल्या अधिकारांतून निघाला होता. क्रमाच्या दृष्टीनें त्यांत व्यंग काढणें कठीण होतें. बंदीवानांचे अर्ज ऐकतां येतील असें नऊ उच्च न्यायालयांनीं म्हटलें. २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक मतानें तें फिरविलें. एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानें वैरापोटीं कोणाचा जीव घेतला तर दाद आहे काय, असें सुनावणींत न्यायमूर्ति हंसराज खन्ना यांनीं विचारलें होतें. आणीबाणी आहे तोंवर नाहीं, असें महान्यायवादींचें उत्तर होतें. तो एकटा विरोध खन्नांचा. पुढें जानेवारी १९७७ मध्यें त्यांना डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमण्यांत आलें आणि त्यांनीं राजीनामा दिला. बहुमतांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. तो निर्णय चुकीचा होता असें २०१७ सालीं नऊ न्यायाधीशांच्या पीठांतून ज्यांनीं लिहिलें, त्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय हे होते. ते चौघे विद्वान् होते. त्यांनीं आज्ञांचा क्रम बरोबर वाचला, आणि खांबाला मात्र हात लाविला नाहीं.

परंतु मोठ्यांच्या चुका सांगणें सोपें. सतरा-अठरा वर्षांपूर्वीं मी एका महाविद्यालयांत शुल्कसवलतीच्या समितीवर होतों. एका मुलीचा अर्ज नऊ दिवस उशिरां आला. वडील रुग्णालयांत होते, कागद सोबत होते. सबळ कारण असल्यास मुदतीनंतरचा अर्जही विचारांत घ्यावा, असें मूळ नियमांत होतें. त्या वर्षीं वरून परिपत्रक आलें होतें कीं, मुदतीनंतरचा एकही अर्ज घेऊं नये. हिशेब लवकर मिटावेत, येवढाच त्याचा हेतु असावा. शाबरभाष्य मीं तोंपर्यंत दोनदां वर्गांत शिकविलेलें होतें. तेव्हां अज्ञानाची सबब मला नाहीं. आमचे वृद्ध हेडक्लार्क, ज्यांचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नव्हतें, माझ्या टेबलापाशीं आले आणि हळूच म्हणाले, “सर, मूळ नियमांत सूट देण्याची सोय आहे. वर एकदां लिहून विचारूं का?”

मीं म्हटलें, “परिपत्रक स्पष्ट आहे,” आणि शेरा मारून सही केली. पुढच्या सत्राच्या हजेरीपटावर त्या मुलीचें नांव नव्हतें.