रक्षण कुणाचे?

रक्षण हा शब्द आपल्याला फार प्रिय. भाऊबीजेच्या ताटात पडणाऱ्या ओवाळणीमागेही ‘मी तुझ्या पाठीशी आहे’ हाच भाव असतो. त्या भावाविषयी मला आदरच आहे. तरीही एक शंका मनातून जात नाही : जिचे रक्षण करायचे तिला न विचारता ते करता येते काय? ही शंका मला नीतिग्रंथांनी दिली नाही. औषधांच्या इतिहासाने दिली.

१९५७ साली युरोपात थॅलिडोमाइड नावाचे औषध बाजारात आले. गरोदर बायकांना ते मळमळीवर दिले जाई. गर्भावर त्याचा काय परिणाम होतो, हे कुणी नीट पाहिलेच नव्हते. त्यापायी सुमारे दहा हजार मुले व्यंग घेऊन जन्मली. धडा घ्यायचा तो हा, की स्त्रीला औषध देण्यापूर्वी स्त्रीचा विचार करून ते तपासावे. घेतला गेला तो उलटाच. १९७७ साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने ठरवले की, गर्भधारणा होऊ शकेल अशा स्त्रीला प्राथमिक चाचण्यांत घेऊच नये. ती अविवाहित असो की तिच्या नवऱ्याची नसबंदी झालेली असो, नियम एकच. तो १९९३ पर्यंत टिकला. मधल्या सोळा वर्षांत बायका औषधे घेतच होत्या. म्हणजे प्रयोग टळला नव्हता. तो घरोघर चालू होता, फक्त त्याची टिपणे ठेवणारे कुणी नव्हते.

एचआयव्हीने या प्रश्नाची धार दाखवली. विषय सणासुदीचा नाही खरा, पण घरातलाच आहे. पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीत वेश्याव्यवसाय न करणाऱ्या स्त्रियांपैकी शंभरांत तेरा-चौदा जणींना एचआयव्हीची लागण आढळली. त्यांतल्या बहुतेक विवाहित, पतीखेरीज कुणालाही न ओळखणाऱ्या. हा आकडा दवाखान्यात आलेल्यांचा, साऱ्या समाजाचा नव्हे. पण तो विचार करायला लावतो. संयम पाळा, एकनिष्ठ राहा, निरोध वापरा, असा उपदेश जगभर चालला होता. या बायकांनी एकनिष्ठा पाळलीच होती! तिसरा उपाय नवऱ्याच्या हाती होता. रक्षणाची सारी साधने दुसऱ्याच्या स्वाधीन, आणि रोग मात्र तिचा.

पुढे प्रतिबंधक गोळ्या निघाल्या. २०१९ साली अमेरिकेत डिस्कोव्ही ही नवी गोळी प्रतिबंधासाठी मंजूर झाली, ती पुरुषांना आणि पारलिंगी स्त्रियांना. योनिमार्गे संसर्गाचा धोका असलेल्या स्त्रियांना ती मंजूर नव्हती, कारण चाचणीत त्या नव्हत्याच. जगातल्या एचआयव्हीबाधितांत मात्र निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि मुली आहेत.

कुणी म्हणेल, उदरातल्या जिवाचे काय? आक्षेप खोटा नाही. थॅलिडोमाइडची ती मुले डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण त्याचे उत्तर स्त्रीला दाराबाहेर ठेवणे हे नव्हे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात हजारो तरुणींवर लेनाकापाविर या औषधाची चाचणी झाली. सहा महिन्यांतून एकदा टोचून घ्यायचे. घरात गोळ्यांची बाटली लपवायला नको. ज्यांना दिवस गेले त्यांना पुन्हा सारे समजावून, त्यांची संमती घेऊन चाचणीत राहू दिले. २०२४ साली निकाल आला : हे औषध मिळालेल्या २१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नव्हती.

मला यातले औषध जितके मोलाचे वाटते, तितकेच ते विचारणे वाटते. धोका समजावून ‘तुझी तयारी आहे का?’ असे विचारले, म्हणजे माणूस रक्षणाची वस्तू उरत नाही. स्वतःचा राखणदार होतो.

दिवाळी सरली की तुळशीचे लग्न लागेल आणि घरोघर स्थळांच्या गोष्टी निघतील. मुलाची पत्रिका आपण पाहू, पगार विचारू, गोत्रही विचारू. त्याच्या रक्ताची तपासणी झाली आहे काय, हे विचारण्याची मुभा आपल्या मुलीला आपण देणार आहोत का?