डाव्या हाताकडे कान

जॅझच्या ताफ्यात बास आणि ड्रम घड्याळासारखे चालू असतात, म्हणून तर बाकीच्यांना वेळेशी खेळता येतं. ही दोन्ही वाद्यं काढून घेतली की उरलेल्यांची पंचाईत होते. स्टॅन गेट्झ आणि केनी बॅरन यांनी ती राजीखुशीनं पत्करली. १९९१ च्या मार्चमध्ये, ३ ते ६ तारखेला, कोपनहेगनच्या 'कॅफे मोंमार्त्र'मध्ये दोघं वाजवायला बसले. टेनर सॅक्सोफोन आणि पियानो, बस्स. त्याचा 'पीपल टाइम' हा दोन सीडींचा आल्बम १९९२ मध्ये आला.

गेट्झ तेव्हा ६४ वर्षांचा होता आणि त्याला यकृताचा कर्करोग होता. सोलो संपला की त्याला धाप लागायची, हे बॅरननंच पुढे लिहून ठेवलंय. त्यामुळे या आल्बमवर बोलणारे बहुतेक जण हळवे होतात आणि प्रत्येक लांब सुरात निरोप शोधू लागतात. हकिकत खरी आहे. पण तिच्या नादात आपण अर्धंच ऐकतो. सगळे कान सॅक्सोफोनकडे लागतात आणि पियानो मागे पडतो.

वास्तविक भार आहे तो बॅरनच्या डाव्या हातावर. कुठे तो बासची चाल धरतो, कुठे जुन्या स्ट्राइड पद्धतीनं खालचा सूर आणि वरचा कॉर्ड असा आळीपाळीनं झोके घेतो, तर कुठे चक्क थांबतो. उजवा हात तेवढ्यात गेट्झला उत्तर देऊन मोकळा!

आपल्याकडे साथ म्हटलं की ख्यालामागची पेटी आठवते. गायकाची जागा येऊन गेली की पेटी तिचा माग काढते. बॅरनला ती सवलत नाही. गेट्झच्या सुराला टेकायला कॉर्ड आधी हजर हवा, आणि गेट्झ कुठे वळणार हे तर लिहिलेलं नाही. अशी साथ म्हणजे अंदाजाचं काम. १९८७ मध्ये याच क्लबात दोघांनी चौकडीत एकत्र वाजवलं होतं. ती ओळख इथे कामी येते.

चार्ली हेडनच्या 'फर्स्ट साँग'मध्ये हे सगळ्यात स्पष्ट कळतं. हेडन स्वतः बासवादक, आणि त्याच्याच रचनेत इथे बास नाही! तरी काही उणं वाटत नाही.

शेवटच्या रात्रीनंतर बरोबर तीन महिन्यांनी, ६ जूनला, गेट्झ गेला. त्या चार रात्रींचं वादन आता सात सीडींच्या संचातही मिळतं. सुरुवात मात्र 'फर्स्ट साँग'पासून करा, आणि पहिल्यांदा फक्त पियानो ऐका.