भाकरीला पदर सुटतो तेव्हा

अभिमान बाळगायचा म्हटलं की आपल्याला मोठं काहीतरी लागतं. गडकिल्ले, घराणं, नाहीतर क्रिकेटचा विश्वचषक. यांतल्या एकाही गोष्टीला आपला हात लागलेला नसतो, ही त्यातली सोय. जे रोज आपल्या हातून होतं ते मात्र ‘त्यात काय एवढं’ म्हणून आपण निकालात काढतो.

ज्वारीची भाकरीच घ्या. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे कणकेसारखं हे पीठ आपणहून धरून राहत नाही. म्हणून आधणाचं पाणी घालायचं, तळहाताने रगडून रगडून मळायचं आणि लगेच थापायला घ्यायचं. थापता थापता परातीत भाकरी गरगर फिरत मोठी होत जाते. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाणी फिरवायचं आणि ते सुकायच्या बेताला उलटायची. उशीर झाला की भेगा पडल्याच. पीठ जुनं होऊन विरी गेली असेल तर थापतानाच फाटते. सगळं जमून आलं तर विस्तवावर टम्म फुगते, पदर सुटतो.

अभिमानाला खरी जागा आहे ती इथे. बिघडू शकत होतं, आपण बिघडू दिलं नाही. जन्माने मिळालेल्या गोष्टीत बिघडण्याचा प्रश्नच नसतो; म्हणूनच की काय, तिचा अभिमान इतका मोठ्याने मिरवावा लागतो.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं. धान्याचा मान झाला, छानच झालं. पण थापणारीचं काय? तिला अन्नपूर्णा म्हणून ओवाळायचं आणि परात पुन्हा तिच्याच पुढ्यात सरकवायची, हा आपला जुना धूर्तपणा. घरातल्या पुरुषांनी चार दिवस भाकऱ्या थापून बघाव्यात. कौतुकाचा सूर आपोआप बदलेल.

पोळी-भाकरी केंद्रात निदान नगाला भाव तरी मिळतो. आमच्या गल्लीतल्या केंद्राच्या बाई फाटलेली भाकरी गिऱ्हाइकाला देत नाहीत. ‘असू द्या हो, पोटात जाऊन तुकडेच व्हायचेत’ म्हटलं तरी नाही. आणि दुकानदाराने शिळं पीठ गळ्यात मारलं, की पदर खोचून त्याच्याशी भांडायला जातात.