दुसऱ्याच्या ओंजळीने

गेल्या वर्षी आमचे एक जुने स्नेही वारले. त्यांच्या पत्नीस सांत्वनाचे पत्र लिहावयास आम्ही बसलो. परंतु तासभर बसूनही पहिले वाक्य सुचेना. शेवटी, सांगावयास संकोच वाटतो, पण आम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनास चार तपशील पुरविले आणि अर्ध्या मिनिटात त्याने एक निर्दोष पत्र आमच्यापुढे ठेवले. आम्ही खाली सही करून ते धाडून दिले. महिन्याभराने वहिनींचे उत्तर आले. पत्रातील शेवटचे वाक्य आपण पुनःपुन्हा वाचतो, असे त्यांनी लिहिले होते. ते वाक्य कोणते, हे आम्हांस काही केल्या आठवेना.

पत्रात असत्य असे काहीच नव्हते. आमचे दुःखही खरे होते. मग मनास बोचत होते ते काय? श्रम वाचले याची बोच कोणास लागत नाही. गिरणीत पीठ दळून आणणाऱ्यास जाते ओढले नाही म्हणून कधी अपराधी वाटत नाही. तेव्हा आम्ही यंत्राच्या स्वाधीन केले ते श्रमांहून निराळे असे काहीतरी असले पाहिजे. ते काय, याचा उलगडा झाल्यावाचून माणसाचे बळ वाढविणारी साधने कशी घडवावी, या आजच्या प्रश्नाचे उत्तर मिळावयाचे नाही.

या कामी आमचे जुने व्याकरण उपयोगी पडते. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता, आणि ती क्रिया सिद्धीस नेण्यास जे सर्वांत अधिक साहाय्य करते ते करण, असा भेद पाणिनीने केला आहे. लाकूडतोड्या कुऱ्हाडीने झाड तोडतो. कुऱ्हाडीवाचून झाड पडणार नाही हे खरे. तथापि कोणते झाड तोडावे आणि कोणते राखावे, हे कुऱ्हाड ठरवीत नाही. आजची साधने मात्र झाडही सुचवितात. यंत्र एके दिवशी बंड करून उठेल, ही भीती अनेक जण बोलून दाखवितात. आम्हांस निकटची भीती वाटते ती अशी की, बंडाचे कारणच उरणार नाही. वाक्यातील कर्त्याच्या जागी माणूस राहील, पण आमच्या त्या सहीसारखा, केवळ नावापुरता.

खेड्यांतून मुलांस पोहावयास शिकविताना पाठीस सुका भोपळा बांधण्याची रीत होती. भोपळा मुलास बुडू देत नाही, परंतु हातपाय मुलानेच मारावयाचे असतात. आणि एके दिवशी तो सोडून ठेवावयाचा असतो. याउलट मेण्यात बसणाऱ्यास पाय हलवावे लागत नाहीत, आणि पडदे ओढले असतील तर वाटही दिसत नाही. याचा अर्थ मेणा सर्वथा वाईट असा नव्हे. आजाऱ्यास मेणा देणे हा धर्मच होय. अंधास छापील मजकूर वाचून दाखविणारे यंत्र त्याने जन्मभर जवळ ठेवले, तरी त्यामुळे त्याचे कर्तृत्व वाढतेच. कारण काय वाचावे हे तोच ठरवितो. दोष आहे तो धडधाकट माणसास भोपळा म्हणून मेणा देण्यात.

संगणकाच्या आद्य विचारवंतांस हा विवेक ठाऊक होता. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन अभियंत्याने 1962 साली माणसाच्या बुद्धीचे बळ वाढविण्याच्या योजनेविषयी एक विस्तृत निबंध सादर केला, आणि 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्या योजनेचे प्रात्यक्षिक करून दाखविले. त्याच सभेत लोकांनी 'माउस' प्रथम पाहिला. माणसाच्या ऐवजी विचार करणारे यंत्र त्यास नको होते. अवघड प्रश्नाशी झुंजणाऱ्या माणसाच्या हाती अधिक चांगली अवजारे त्यास द्यावयाची होती. पुढे 1979 साली ब्रिकलिन व फ्रँकस्टन यांचे 'व्हिसिकॅल्क' आले. एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलू लागले. त्यामुळे कारकुनी खाडाखोड गेली. परंतु कोणता आकडा कशावर अवलंबून ठेवावा, ही विचाराची गोष्ट माणसाकडेच राहिली. शिवाय कोणतेही घर उघडून आतले सूत्र पाहता येत असे. चांगल्या साधनाचा हा एक नमुनाच म्हटला पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहू. लिझॅन बेनब्रिज या विदुषीने 1983 साली एका लेखात दाखवून दिले की, स्वयंचलित यंत्रणा सोपी कामे स्वतःकडे घेते आणि अवघड प्रसंग तेवढा माणसाकडे सोपविते. पण नित्याच्या सरावाअभावी त्याच प्रसंगासाठी लागणारे कसब त्याच्यापाशी उरत नाही. 1 जून 2009 रोजी रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेले विमान अटलांटिक महासागरावर असता वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने चोंदल्या आणि स्वयंचलित चालन सुटले. वैमानिकांस परिस्थितीचा अंदाज आला नाही, आणि 228 जीव गेले. त्या अपघातास कारणे अनेक होती. तथापि तितक्या उंचीवर विमान हातांनी हाकण्याचा सराव त्या वैमानिकांस नव्हता, हे त्यांपैकी एक होय.

येथे कोणी म्हणेल, 'लेखनकला आली तेव्हा स्मरणशक्ती जाईल, अशी धास्ती प्लेटोनेही नोंदविली आहे. म्हणून लिहिणे सोडावयाचे काय?' आक्षेप रास्त आहे. पाठांतर खरोखरच कमी झाले, आणि तरीही लेखनाने माणूस मोठाच झाला. सर्वच श्रम जतन करण्याजोगे नसतात. परंतु काही श्रम असे असतात की निर्णयशक्ती त्यांतच वाढते, जसा आवाज रियाजात वाढतो. बेरजेचे श्रम काढून घेतले तर व्यापाऱ्याची दृष्टी मंदावत नाही. शब्द शोधण्याचे श्रम काढून घेतले तर आपणांस काय वाटते, हेच लिहिणाऱ्यास कळेनासे होते. कोणते श्रम कोणत्या जातीचे, हे ओळखणे हे साधन घडविणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

हे कर्तव्य ज्यास पाळावयाचे आहे, त्याचे साधन विद्यार्थ्यास उत्तर देण्यापूर्वी त्याची चूक कोठे झाली ते दाखवील. सल्ला देताना त्यामागील कारणे आणि आपली शंकाही उघड करील. आणि अखेरचा शब्द माणसाकडे ठेवील. असे साधन बाजारात मागे पडण्याचा संभव आहे, कारण परावलंबी गिऱ्हाईक हे धंद्यास सोयीचे असते. म्हणूनच सारा भार कारागिरावर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यावयाची हौस आपल्यालाही असते.

आमच्या त्या साधनाने पत्र लिहून देण्याऐवजी आम्हांस एवढेच विचारले असते की, 'त्यांची कोणती आठवण तुम्हांस प्रथम येते?', तर आम्हांस वाटते, पत्र आम्हीच लिहिले असते. वहिनींचे उत्तर वाचल्यावर हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला. भर पावसात, आमच्याकडून नेलेले पुस्तक धोतराच्या सोग्यात गुंडाळून परत द्यावयास आलेले, स्वतः नखशिखांत भिजलेले आमचे स्नेही डोळ्यांपुढे उभे राहिले. मग आम्ही वहिनींस दुसरे पत्र लिहिले. पहिले पत्र कोणी लिहिले होते, तेही त्यात सांगून टाकले. हे पत्र आखूड आहे, आणि त्यात दोन ठिकाणी खाडाखोड आहे. पण त्यातील प्रत्येक वाक्य आम्हांस आठवते.