आचेवर सोपवलेले तास

घाई नसलेली एखादी रात्र निवडा. ओट्यावर एक ताट घ्या आणि त्यात दोन वाट्या काळे वाटाणे पसरा. हे मनन करताना हातांना काम असू द्या. दाणे बोटांखालून सरकू द्या, खडा लागला तर बाजूला काढा, किडका दाणा वेगळा करा. निवडणं संपवायची घाई करू नका.

आता एक दाणा उचला आणि नखाने दाबून पाहा. काही उमटत नाही. उद्या संध्याकाळी हाच दाणा जिभेने टाळूवर दाबला की विरघळेल. या दोन अवस्थांच्या मध्ये पाणी लागतं, उष्णता लागते आणि वेळ लागतो. पाणी आणि उष्णता यांचा विचार स्वयंपाकघरात रोज होतो. आज वेळेचा विचार करू. मनात एकच प्रश्न धरून ठेवा: हा वेळ कुणाचा?

वाटाणे धुऊन मोठ्या पातेल्यात घ्या. दुप्पट फुगतील हे धरून भरपूर पाणी घाला आणि त्यात चमचाभर मीठ विरघळवा. मिठाने कडधान्य निबर राहतं असा समज अनेक घरांत आहे, पण भिजवणीच्या पाण्यातलं मीठ उलट साल मऊ करायला मदत करतं. सालीच्या पेशी कॅल्शियमने एकमेकींना घट्ट धरून असतात. मिठातलं सोडियम ती पकड रात्रभरात सैल करतं. पातेल्यावर ताटली ठेवा आणि झोपायला जा. अंथरुणावर पडल्यावर एवढंच आठवा की ओट्यावर काम सुरू आहे आणि त्या कामाला तुमची गरज नाही. हे मनाला पटायला जड जातं. ते जड जातंय एवढंच पाहा आणि झोपा.

सकाळ झाली. मंद शिजवणारं भांडं, म्हणजे स्लो कुकर, लावण्याआधी ते आलं कुठून ते पाहू.

पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत शुक्रवारी दुपारी एक मडकं भरलं जाई. त्यात घेवड्याचे दाणे, जव, बटाटे आणि जमलं तर मांसाचा हाडासकट तुकडा. या पदार्थाला चोलेंट म्हणतात. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. पण शनिवारी दुपारी गरम जेवण तर हवं. म्हणून लिथुआनियातल्या विल्नासारख्या गावांत ही मडकी बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवत. पाव भाजून झालेले असत, भट्टी रात्रभर हळूहळू निवत जाई आणि त्या उरलेल्या धगीवर मडकी शिजत.

शिकागोतल्या अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाने आजीच्या चोलेंटची ही हकिकत आपल्या आईकडून ऐकली होती. त्यावरून त्याने विजेवर चालणारं, बाजूंनी मंद तापणारं भांडं तयार केलं. त्याचं पेटंट त्याला १९४० साली मिळालं. आज ओट्यावर असलेल्या स्लो कुकरचं कूळ हे आहे.

उरलेली धग आपल्याही ओळखीची आहे. गावाकडच्या चुलीला वैल असतो. मुख्य तोंडावर भाकऱ्या भाजल्या जातात आणि तीच आच पुढे सरकून वैलावर जाते. तिथे आमटी किंवा कालवण रटरटत राहतं. त्यासाठी वेगळं सरपण लागत नाही. रायगड जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजातल्या कुटुंबांना शेजारचे लोक शनिवार तेली म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद असे. वैल आणि शब्बाथ, दोन्ही कोकणात एकाच गावात नांदत होते.

इथे थांबा आणि शब्बाथच्या विश्रांतीच्या आज्ञेचा विचार करा. तिच्यात फक्त घरधनी येत नाही. मुलगा-मुलगी येतात, नोकर-चाकर येतात, गुरंढोरं येतात, दारात राहणारा परका माणूसही येतो. मग चुलीशी उभी असणारी बाई बाहेर कशी राहील? विसावा सगळ्यांना असेल तर तो शिजवणाऱ्यालाही असला पाहिजे. पण पोट तर सुट्टी घेत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या म्हणून मडकं भट्टीत गेलं. मंद शिजवण्याची ही रीत एका माणसाच्या हक्काच्या सुट्टीतून निघाली आहे. हे वाक्य मनात दोनदा म्हणा.

आता हाताला लागू. मंद भांड्यात सगळं होत नाही, हेही समजून घ्यायला हवं. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे तिथे कांदा खरपूस होणार नाही आणि मोहरी तडतडणार नाही. म्हणून सुरुवातीला गॅसवर थोडी धावपळ करायची. भिजवणीचं पाणी ओतून टाका आणि ताज्या पाण्यात वाटाणे दहा मिनिटं खळखळून उकळा. वाटाण्याच्या जागी राजमा असेल तर ही उकळी कधीच टाळायची नाही. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. उकळीने ते नष्ट होतं, मंद आचेने होत नाही. दुसऱ्या बाजूला तेलात कांदा तांबूस होऊ द्या, त्यात आलं-लसूण आणि थोडी हळद परता.

उकळलेले वाटाणे भांड्यात घाला, त्यावर परतलेला कांदा, दोन तमालपत्रं, दालचिनीचा तुकडा, चार मिरे. अख्ख्या मसाल्याला लांबचा प्रवास झेपतो. वाटण, गरम मसाला आणि कोथिंबीर मागे ठेवा. आमसुलंही मागे ठेवा, कारण आंबटामुळे दाण्याची भिंत घट्ट राहते आणि तास वाया जातात. गरम पाणी दाण्यांच्या वर बोटभर येईल एवढंच घाला. या भांड्यात पाणी आटत नाही, सढळ हाताने घातलं तर रस्सा पांचट होतो. भांडं अर्ध्याच्या वर आणि काठाच्या बरंच खाली भरलेलं असू द्या.

झाकण ठेवा. बटण मंद आचेवर करा.

झाकणाच्या काचेकडे पाहत राहा. थोड्या वेळाने तिच्यावर दव धरेल. वाफ वर जाते, काचेला लागून थंड होते आणि थेंब होऊन परत भांड्यात पडते. काठाशी पाण्याची बारीक रेघ तयार होते आणि तीच झाकण बंद ठेवते. प्रेशर कुकर वाफ कोंडून आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास नेतो आणि हेच वाटाणे अर्ध्या-पाऊण तासात शिजवतो. ज्या घरात सकाळी सातला डबे भरायचे असतात तिथे तो मोठा आधार आहे. या भांड्याचा मार्ग वेगळा आहे. ते उकळीच्या अलीकडे थांबतं आणि तिथेच टिकून राहतं.

आत काय चाललं आहे ते डोळ्यांसमोर आणा. दाण्यातला पिठूळ भाग पाणी पितो आहे. पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आहे. वाटाण्यांच्या जागी बकऱ्याच्या नळीचं किंवा खांद्याचं मटण असतं, तर त्याच तासांत आणखी एक गोष्ट घडली असती. जो भाग जनावराने आयुष्यभर वापरला तो सर्वांत चिवट असतो, कारण तिथे कोलॅजेन जास्त असतं. साठ-सत्तर अंशांच्या पुढे ते हळूहळू उलगडतं आणि त्याचं जिलेटिन होतं. बोटांना चिकटणारा दाट रस्सा तिथूनच येतो. मोठ्या आचेवर बाहेरचे धागे आवळून कोरडे होतात आणि कोलॅजेनला सावकाश उलगडायला सवड मिळत नाही. चिवटपणा ज्यात होता त्यातूनच रश्शाचा दाटपणा येतो. त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

एक सावधगिरीही या मननाचा भाग आहे. पाच ते साठ अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून गोठलेलं मांस या भांड्यात थेट घालू नये आणि शिळं अन्नही त्यात गरम करू नये. तुम्ही बाहेर असताना वीज गेली आणि किती वेळ गेली हे कळलं नाही, तर जीव हळहळला तरी ते अन्न टाकून द्यावं. जेवणाऱ्यांची काळजी म्हणजे हे सगळंसुद्धा.

आता तास सुरू झाले आहेत. मंद आचेवर सात-आठ. तुमचा हात झाकणाकडे जाईल. जाऊ द्या, पण झाकणाला लागण्याआधी थांबवा. एकदा झाकण उघडलं की कोंडलेली ऊब निघून जाते आणि शिजायला वीस ते तीस मिनिटं जास्त लागतात. हात का गेला ते स्वतःला विचारा. दाणा शिजला का हे पाहायचं होतं, की आपण काही करत नाही आहोत हे सहन होत नव्हतं? अनेक जणींना, आणि आता काही जणांनाही, स्वयंपाकघरात नुसतं बसायची परवानगी कधी मिळालेलीच नसते. कढई ढवळत नसेल तो हात भांडी आवरतो, भांडी आवरून झाली की उद्याची भाजी निवडतो. त्या हाताला आज मांडीवर ठेवा.

इथे तो पहिला प्रश्न परत घ्या. हे आठ तास कुणाचे?

१९७० साली कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये त्याचं भांडं क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आणलं. त्या दशकात अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येने नोकरीसाठी बाहेर पडत होत्या. सकाळी भांडं लावायचं, दिवसभर कचेरीत काम करायचं, संध्याकाळी जेवण तयार मिळायचं. त्या सोयीने असंख्य घरं तोलून धरली आणि तिचा मान ठेवायला हवा. तरीही मूळ गोष्ट विसरू नका. ज्या रीतीने एका बाईला दिवसभराची विश्रांती दिली, तीच रीत पुढे तिला दोन कामं एका दिवसात करू देण्यासाठी वापरली गेली. यंत्र तास मोकळे करून देतं. ते कुणाच्या पदरात पडतील हे ठरवणं माणसांच्या हाती राहतं. घरात तसं कुणी ठरवलं नाही, तर मोकळ्या तासात कपड्यांच्या घड्या आणि फ्रिजची साफसफाई आपोआप शिरते.

म्हणून आज ठरवा. या आठांतले निदान दोन तास नाव घेऊन बाजूला काढा आणि ते शिजवणाऱ्याचे आहेत असं घरात मोठ्याने सांगा. त्यांत झोपायचं असेल तर झोपा. अर्धवट राहिलेलं पुस्तक असेल, मैत्रिणीशी बोलायचं असेल, टेकडीवर जाऊन यायचं असेल, तर जा. त्या वेळात घरातल्या कुणी काही मागितलं तर तेवढ्यापुरतं घराने स्वतः उठावं. तुम्ही घरात शिजवणारे नसाल, तर हे तास देणं तुमच्याकडे आहे.

संध्याकाळी झाकण उघडा. एक दाणा काढून टाळूवर दाबा. काल रात्रीचा कठीणपणा आठवा. भाजलेल्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं वाटण घाला, आमसुलं, गूळ, गरम मसाला घाला, आच वाढवून वीस-पंचवीस मिनिटं मिळून येऊ द्या. दाण्यांचा एक डाव घोटून परत मिसळला की रस्सा आळेल. मग कढल्यात तेल कडकडीत तापवून मोहरी आणि कढीपत्त्याची फोडणी वरून ओता. दिवसभराच्या मंदपणाला शेवटी ही एका मिनिटाची मोठी आच लागतेच.

आता भाकरीचा विचार. उसळीसोबत गरम भाकरी असावी असं प्रत्येकाला वाटतं, आणि गरम भाकरी म्हणजे तव्यापाशी उभं असलेलं कुणीतरी. दिवसभर कमावलेला विसावा शेवटच्या अर्ध्या तासात तव्यावर जातो. म्हणून आज पाव आणा, किंवा भात लावा, किंवा भाकऱ्या आधीच करून फडक्यात गुंडाळून ठेवा. उसळ भांड्यातच गरम राहील, ज्याला हवी त्याने डावाने वाढून घ्यावी. आणि एक नियम आजपासून घरात लावा: शिजवणाऱ्याचं ताट वाढून झाल्याशिवाय आणि शिजवणारं माणूस पंगतीत बसल्याशिवाय पहिला घास कुणी घ्यायचा नाही.