यंत्र आणि प्रतिज्ञा

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधला सातवा नियम जाहिरातींचा. एखाद्या वस्तूत चमत्कारी किंवा अलौकिक, सिद्ध करायला अवघड असा काही गुण आहे, असं लोकांना वाटेल ती जाहिरात दाखवायची नाही, असं त्यात म्हटलं आहे. मी उत्तर नागपुरात, इंदोऱ्यात केबल चालवतो. हा नियम मला माहीत असावाच लागतो, कारण 1995 चा केबल कायदा जाहिरात बनवणाऱ्यावर थांबत नाही, ती पुढे पोचवणाऱ्यालाही धरतो. मोठ्या कंपनीकडून सिग्नल घ्यायचा आणि गल्लीत वायर टाकून घरोघरी द्यायचा, एवढंच माझं काम. तरी माझी मशिनरी जप्त करण्याचा अधिकार कायद्याने अधिकाऱ्याला दिला आहे.

माझ्यासाठी हा प्रश्न कायद्याआधी धम्माचा आहे. उपासकाने कोणते व्यापार करू नयेत हे बुद्धांनी सांगितलं: शस्त्रं, माणसं, मांस, मद्य आणि विष. दुसऱ्याने बोललेलं खोटं महिन्याचे पैसे घेऊन कुणाच्या घरात नेऊन सोडणं यात मोडतं का? अष्टांगिक मार्गातली सम्यक वाचा बोलणाऱ्यापुरती असली, तरी सम्यक आजीविका माझ्या दारापर्यंत येते.

वसुलीला फिरताना एका आजींनी मला देवघरातलं यंत्र दाखवलं. साडेतीन हजारांचं. मुलाला नोकरी लागेल म्हणून टीव्हीवर पाहून मागवलेलं. मी म्हटलं, आजी, अशानं नोकरी लागत नाही. त्या म्हणाल्या, "का बाबू, खोटं असतं तं सरकारनं दाखवू देल्लं असतं का?"

या वाक्यावर मी फार विचार केला आहे. सरकारची नजर आहे असं एकदा माणसाला वाटलं, की पडद्यावर जे जे उरतं त्याला सरकारचा शिक्का मिळतो. प्रत्यक्षात दाखवण्याआधी कुणी तपासत नाही. तक्रार आली तर नंतर पाहिलं जातं. आजींचा विश्वास देवावर जितका होता तितकाच या न झालेल्या तपासणीवर होता, आणि यंत्र विकणाऱ्याने दोन्हींचे पैसे घेतले.

म्हणून औरंगाबादच्या ज्या शिक्षकाने अशा जाहिरातींविरुद्ध कोर्टात धाव घेतली, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निकाल दिला, की हनुमान चालिसा यंत्रासारख्या वस्तूंत दैवी शक्ती असल्याचं सांगून केलेली जाहिरात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे, आणि ती दाखवणारी वाहिनीही जबाबदार आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाल्यावर आलेला हा कायदा. त्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं होतं.

इथपर्यंत माझ्या मनात शंका नाही. ती सुरू होते सहाव्या नियमापाशी. तो कार्यक्रमांचा. अंधश्रद्धेला उत्तेजन नको असं तो सांगतो, ते ऐकायला बरं वाटतं. पण त्याच नियमात आहे, की कुठल्या धर्मावर हल्ला होईल असं काही दाखवू नये. माझ्या वायरीतून आस्था आणि संस्कार या भक्तिवाहिन्या जातात, तशा आपल्या नागपुरातून चालणाऱ्या लॉर्ड बुद्धा आणि आवाज इंडिया याही जातात. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर लाखोंना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या पहिल्या काही जुने देव नाकारणाऱ्या आहेत. आमच्या घरात लहान मूल त्या म्हणायला शिकतं. दुसऱ्या कुणाला त्याच प्रतिज्ञा धर्मावरचा हल्ला वाटू शकतात. ऑक्टोबर 2022 मध्ये दिल्लीचे मंत्री राजेंद्र पाल गौतम यांना अशाच एका दीक्षा समारंभातल्या हजेरीवरून राजीनामा द्यावा लागला. उद्या सहावा नियम हातात धरून कुणी प्रतिज्ञाच पडद्यावरून काढायला सांगितल्या तर?

यंत्र थांबवा पण प्रतिज्ञा थांबवू नका, असं मी म्हणतो ते केवळ त्या माझ्या आहेत म्हणून का? मी स्वतःला हे पुन्हा पुन्हा विचारलं. मला फरक दिसतो तो असा. प्रतिज्ञा घेणारा स्वतःला बांधून घेतो. ऐकणाऱ्याकडून तो काही घेत नाही, कसलं फळ कबूल करत नाही. यंत्रवाला स्वतः कशालाच बांधलेला नसतो. तो ऐकणाऱ्याला फळ कबूल करतो आणि आधी पैसे घेतो. पैसे घेऊन फळ कबूल करणाऱ्याकडे सरकारने पुरावा मागावा. देव आहे की नाही, हे सरकारने ठरवू नये.

जानेवारी 2023 मध्ये नागपूरच्या रेशीमबागेत बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींचा दरबार भरला, तेव्हा ही रेघ माझ्यासाठीच अवघड झाली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते श्याम मानव यांनी दिव्यशक्ती सिद्ध करण्यासाठी 30 लाखांचं आव्हान दिलं, तक्रारही केली. पोलिसांनी तपासून गुन्हा होत नाही म्हटलं. वाहिन्यांवर मात्र दरबार दिवसेंदिवस चालला. तिथे किंमत लावलेली वस्तू नव्हती. मला तो दरबार पटत नाही, तरी मला वाटतं, मानवांचं उघड आव्हान हाच तिथे योग्य मार्ग होता.

9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. त्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. या लहरींवर सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक संस्थेचं नियंत्रण हवं, असंही तो निकाल म्हणतो. कार्यक्रमांच्या बाबतीत अशी संस्था अजून झालेली नाही. सहावा नियम सरकारच्याच हातात आहे, आणि सरकारं बदलतात.

माझ्या लोकल चॅनलवर ताईत-यंत्रवाले जाहिरात घेऊन येतात. दिवाळीच्या तोंडावर तर जास्तच. मी त्यांना नाही म्हणतो, कारण ते चॅनल माझं आहे. उपग्रह वाहिन्या मला मनाला येईल तशा बंद करता येत नाहीत, आणि तो अधिकार मला मिळू नये असंच मला वाटतं. शहरात माझ्यासारखे केबलवाले बरेच आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी बावीस प्रतिज्ञा म्हटल्या जात नाहीत.